गाडी येऊन राहिली

जबलपूर,
८ डिसेंबर

ती. अच्युतदादास,

साष्टांग नमस्कार. आठवडाभर गाडीखाली लोळून पाठ धरली आहे, तेव्हा आठातलं एक अंग कमी समज. बाबा बरे आहेत. पनागरचा मटार आला, घरभर सालं झाली आहेत. पूर्णिमावहिनींना नमस्कार सांग, शुद्ध मराठीत.

तुझ्या केतनच्या वरातीला बाबांची ॲम्बेसेडर हवी, रंग नवा हवा, पण जुन्या सामानावर ओरखडा नको, हे तुझं फर्मान मी पाळलं. रांझीचा पेंटर म्हणाला, "सामान उतारके लाओ दीदी, हम सिर्फ रंग मारेंगे." मग मीच बसले. दारांवरच्या चकचकीत पट्ट्या न वाकवता काढल्या. बंपरचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते, त्यांना डिझेल पाजून ठेवलं. बाबा खुर्चीतून सांगत होते, "आधी थोडा आवळ, मग सोड. सरळ सोडायला गेलीस तर मुंडकं गोल होते." या पत्रातही मी तेच करून राहिले आहे. (हो, 'करून राहिले', म्हणजे तुझं 'करते आहे'. लाल पेन खाली ठेव.)

सगळं निघालं. मागच्या डाव्या दाराचं हँडल तेवढं निघेना. नवरा म्हणाला, "काहून मरून राहिली त्या एका हँडलसाठी?" तू फोनवर म्हणालास, "ग्राइंडरने काप. एवढं काय अडकलंय त्यात?"

अडकलंय ते ऐक.

आईला घेऊन दवाखान्यात पोचलो, त्या दिवशी ते दार उघडलंच नाही. बाबा बाहेरून हँडल ओढून राहिले होते, मी आतून खांद्याने रेटत होते, आईचं डोकं माझ्या मांडीवर. शेवटी कसंबसं दुसऱ्या दारातून तिला काढलं. एक हात कमी पडला. तेव्हापासून ते दार बंदच.

त्याच्या दोन दिवस आधीच बाबांनी तुला फोन केला होता, "अच्युत, तुझी आई जाऊन राहिली रे." तू आला नाहीस. तेराव्याला आलास आणि चार पाहुण्यांसमोर म्हणालास, "तुमच्या या मराठीने घात केला. मला वाटलं, आई मावशीकडे पनागरला जाऊन राहिली!" पाहुण्यांनी माना डोलावल्या. इतकी वर्षं पुण्यात काढलेला माणूस, घरची बोली विसरणारच.

बाबांनी ते खरं मानलं. तेव्हापासून ते तुझ्याशी फोनवर कसे बोलतात, कधी लक्षात आलं? "मी जेवत आहे. मी औषध घेत आहे." जसं काही रेडिओवर बातम्या देऊन राहिले. फोन ठेवला की मला विचारतात, "बरोबर बोललो ना? समजलं असेल ना त्याला?" गाडीसुद्धा त्यांनी तुला लाडाने देऊ केली नव्हती. त्या एका वाक्याचा दंड भरला होता.

परवा पेंटरकडून निघताना मी तुला मेसेज टाकला, "गाडी येऊन राहिली." माझा फोन पर्समध्ये जायच्या आत तुझं उत्तर हजर, "वा! किती वाजेपर्यंत पोचेल?"

गाडीच्या वेळी आमची मराठी कशी चटकन समजली रे, दादा? आईच्या वेळीच पनागर मध्ये आलं?

तो मेसेज मी बाबांना दाखवला. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा वाचला. मग म्हणाले, "म्हणजे याला समजते." आणि हात पुढे केला, "चावी दे इकडे."

संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा काय म्हणाले, ऐकलंस ना? "मी जेवून राहिलो, नंतर कर."

हँडल शेवटी मीच काढलं, ओरखडा न पाडता. दाराला दुसरं बसवलंय, दार आता उघडते. जुनं तुला पार्सलने पाठवते आहे. त्या दिवशी धरायला आला नाहीस, आता घरी बसून धर. केतनसाठी घोडा बघ.

आणि निरोप तोच आहे, गाडी येऊन राहिली. फक्त या वेळी तुझ्या मराठीत वाच. आली, आणि इथेच राहिली.

तुझी (षष्ठी विभक्तीपुरती),
प्रतिमा