बघणाऱ्याचा डावा

४ मार्च
ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.
गुडघा कसा आहे? बातमी वाईट आहे. आजोबांचा डावा हात मोडून कोपरात वाकडा जुळला होता, असं तू कळवलंस. युद्धकैद्यांच्या छावणीमागे सापडलेल्या सांगाड्यांत तसा डावा हात एकाचाच होता, म्हणून तुझ्या लाळेचा नमुना फक्त त्याच्याशी ताडून पाहिला. ते आजोबा नाहीत. मागच्या पत्रात ‘सापडले बहुतेक’ असं लिहून मी तुला उगीच आशेला लावलं, त्याची फार लाज वाटते. ओळख न पटलेल्यांना आम्ही काल एकत्र पुरलं. खोक्यांत आणखी किती दिवस ठेवायचं, म्हणून मीच घाई केली.
रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
हाडकुळी

११ मार्च
चि. हाडकुळीस,
अनेक आशीर्वाद. गुडघा गोळ्याही खातो आणि माझ्या शिव्याही. लहानपणी तुझी हाडं मोजता यायची म्हणून मी हे नाव ठेवलं, तर तू धंदाच हाडांचा धरलास!
काल शेजारीण समोर बसली होती. घड्याळ तिच्या डाव्या मनगटावर आणि मला दिसत होतं माझ्या उजवीकडे. वडील मला समोर उभं करून फ्रॉकची बटणं लावायचे, तेव्हा तो वाकडा हात माझ्या डावीकडे यायचा. मग जो दिवस मी कधी आठवतच नाही, तो मुद्दाम आठवला. फौजेच्या मुदपाकखान्यात कामाला म्हणून ते निघाले, तेव्हा पाठमोरे होते. ट्रंक धड हातात होती, आणि तो डावा होता. वाकडा होता तो उजवा.
माझ्या एका शब्दापायी मीच त्यांना नाकारलं का गं? उजव्या हाताचं कुणी आहे का, बघ ना. जीव टांगणीला लागलाय.
उत्तराला उशीर नको. आशीर्वाद आहेतच.
तुझी आत्या

२९ मार्च
ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.
उजव्या हाताचे एक होते, पुरलेल्यांमध्ये. प्रत्येकाचा एक दात आम्ही ठेवून घेतो. त्यांचा दात तुझ्या नमुन्याशी जुळला. आजोबा सापडले, आत्या, आणि मीच त्यांना बिननावाचं मातीत घातलं.
चूक तुझी नाही. डावं म्हणजे त्या माणसाचं डावं, बघणाऱ्याचं नव्हे, हे मी विद्यार्थ्यांकडून पहिल्याच दिवशी घोकून घेते. तुला मात्र एका ओळीने विचारलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आता त्यांना वेगळं काढायचं तर सगळ्यांनाच पुन्हा उकरावं लागेल. काढू का? तू म्हणशील तसं.
हवं तेवढं रागव, पण पत्र पाठव.
तुझी,
हाडकुळी

५ एप्रिल
चि. हाडकुळीस,
अनेक आशीर्वाद. तुझ्यावर रागवायला बसले, पण अर्धा राग माझ्यावरच निघाला. उकरू नकोस. शेवटचे दिवस ज्यांच्यासोबत काढले, त्यांची झोप आपल्या दोघींच्या चुकीपायी कशाला मोडायची? दगडावर नाव तेवढं घाल. बाकीच्यांच्या लेकींना मात्र नीट विचार, कुणाचा डावा ते.
मला टोचणी आहे आणि ती राहील. पूर्वी बटणं लावणारे वडील हवे तेव्हा डोळ्यांपुढे यायचे. आता आले की मी आधी हातच बघते, डावा का उजवा. तेवढ्यात चेहरा निघून जातो.
दोष अर्धा अर्धा वाटून घेऊ. लोभ मात्र सगळा तुझाच.
तुझी आत्या