बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचा ताप

बाबा, आज मी भंडाऱ्याले टिग वेल्डिंगची मशीन घ्यायले गेलो आन् हादरून घरी आलो.

नोकरी सुटल्यावर घरामागच्या छपरीत बारकं वर्कशॉप टाकून राहिलो. दुकानदार म्हणे, "ॲल्युमिनिअम जोडाचं असन त एसी-डीसीवाली घ्या, महाग पडते. लोखंड-स्टीलले डीसी पुरे. आरगॉन गॅसचं सिलिंडर वेगळं." मी म्हटलं, "पाणी भराचे पितळी गुंड जोडीन. आमच्या बाबाचं कामच होतं ते." त्यानं हातातला चहा खाली ठेवला. "छपरी मोकळी आहे ना? पितळातलं जस्त जळते, पांढरा धूर निघते. तो नाकात गेला का संध्याकाळी हिव भरते, मलेरियावानी. सकाळी उतरते. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त हमखास, आंगाची सवय मोडते ना."

अरे बापा! मी तिथंच स्टुलावर बसलो.

पवनीचा बाजार भरला का तुमचा कारखाना बंद राहे. दुसऱ्या दिवशी गुंडांच्या जोडाले भट्टीवर झाळ देऊन तुम्ही घरी येता आन् चुलीपाशी दोन गोधड्या घेऊन कुडकुडता. आई म्हणते, "खाल्ले असान बाजारातले भजे!" तुम्ही भजे सोडले, तरी ताप. बाजारात जाणं सोडलं, तरी ताप. मंग आई तुळशीवर हात ठेवाले लावते. "नाई खाल्ले वो," तुम्ही म्हणता. "खोटारडा माणूस," म्हणत ती मलेरियाची गोळी हातावर ठेवते, आन् तुम्ही गपचूप गिळता. किती वर्षं चाललं हे, बाबा! काहून एकदा भी चिडले नाई?

डीसीवालीच घेतली. स्टील करीन, पितळाले हात लावत नाई.

घरी येऊन आईले एवढंच सांगतलं, तवा ती तांदूळ निवडून राहिली होती. "पितळ कायले सोडलं?" तिनं विचारलं. माह्या तोंडून धुराचं सारं निघून गेलं. तिचा हात सुपातच राहिला. म्हणे, "मंग ते खरंच खात नव्हते?"

एवढंसं तोंड झालं होतं तिचं. मले 'हो' म्हणताच आलं नाई. म्हटलं, "दुकानवाले काहीही सांगतात वो, आई." ती पुन्हा तांदूळ निवडाले लागली.

हे तुमाले पोचणार नाई, म्हणूनच लिहू शकलो. आज तिच्यापाई मी तुमाले आणखी एकदा खोटं पाडलं.