राणीसाहेबांसमोर शिंकलो, त्याची हकीकत

ती. दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तब्येत कशी आहे, हे विचारत नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला चार-चार तास पडून राहणाऱ्या माणसाला विचारलं, तर तो खरंच सांगत बसतो.

नवी नोकरी डुकरं सांभाळायची आहे. माणसाला बसवता येतील अशा किडन्या त्यांच्या पोटात वाढवतात. त्यासाठी त्यांची काही जनुकं काढलीत आणि काही माणसाची घातलीत, म्हणजे आपलं शरीर ती किडनी परकी समजून हाकलत नाही. (कुठल्या माणसाची, असं मी आमच्या संशोधक बाईंना विचारलं. "कुणा एकाची नाहीत," म्हणाल्या. तेव्हापासून मी डुकरांसमोर कुणाची निंदा करत नाही.)

आत जाताना आंघोळ, बाहेर येताना आंघोळ, मध्ये जेवायला आलो की आणखी दोन. जंतू राहतात म्हणून मिशीही उतरवली. (सासऱ्यांनी तीच बघून मुलगी दिली होती, बायको अजून माझ्याशी पाहुण्यासारखी वागते.) चार आंघोळींनी व्हायचं तेच झालं. गेल्या महिन्यात एक्केचाळीस नंबरच्या डुकरिणीला, म्हणजे आमच्या राणीसाहेबांना, खाणं घालताना मला शिंक आली. एकच, तीही मास्कमध्ये. बाईंनी काचेपलीकडून ती पाहिली आणि धावपळ उडाली. राणीसाहेबांना वेगळ्या खोलीत हलवलं, रक्त तपासलं, दर तासाला ताप मोजला. मला घरी पिटाळलं. मला एकशे दोन होता; तो मीच मोजला. पाचव्या दिवशी बाईंचा फोन आला.

"अगदी ठणठणीत आहे हो!"

"कुठलं ठणठणीत, अंग मोडून आलंय."

"तुम्ही नाही हो. ती."

सोमवारपासून पुन्हा कामावर आहे. आंघोळी तेवढ्याच, पाणी मात्र आता गरम मिळतं.

आपल्यात मोठं तुझ्याखेरीज कुणी उरलं नाही, तेव्हा घरचे सगळे नमस्कार तूच ठेवून घे.

तुझा,
धाकटा

ता.क. माणसांवरच्या चाचणीसाठी नावं घेताहेत. तुझं सुचवलंय. अर्ज सोबत आहे, मीच भरलाय, तू फक्त सही कर.

आणखी एक ता.क. (हा वहिनींना वाचून दाखवू नकोस.) अर्जातला नववा रकाना कोरा आहे: 'नात्यात किडनी देऊ शकेल असं कुणी आहे का?' गेल्या वर्षी माझी तपासणी झाली, तेव्हा जुळत नाही असं मी तुम्हाला सांगितलं. जुळत होती. मी घाबरलो. 'नाही' लिहिलेले तीन अर्ज फाडले, हा चौथा. तिथे काय लिहायचं ते तू कळव. 'आहे' लिही म्हणालास, तर रजा टाकून येतो.