निरीक्षकसाहेबांचं वजन

तीर्थस्वरूप आत्यास,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून वाजतात का? आतोबांनाही नमस्कार सांग. मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात मी भयंकर संतापलेलो आहे आणि या संतापाचं मूळ तू आहेस. 'सरकारी विद्यापीठ आहे, नर्सिंगची पदवी आहे, डोळे मिटून अर्ज कर,' असं तूच म्हणाली होतीस. मी मिटले. तिसऱ्या वर्षात ते उघडून पाहतो तर समोर वजनमापे खात्यातले एक निवृत्त निरीक्षक बसलेले.

त्याचं असं आहे, की या वर्षी आम्हाला प्रत्येकाला एक कुटुंब दत्तक घ्यावं लागतं. (यात इस्टेट वगैरे काही नसते, हे बाबांना सांग. ते उगाच आशा लावून बसतील.) एकवीस वर्षांच्या पोराने चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ दत्तक घ्यायचे, आठ आठवडे दर बुधवारी त्यांच्या घरी जायचं, वजन, रक्तदाब, पिण्याचं पाणी, कचऱ्याची बादली सगळं तपासायचं, घरातल्या आरोग्यसमस्या हुडकायच्या आणि प्रत्येक भेटीच्या पानावर कुटुंबप्रमुखाची सही आणायची. एक सही कमी पडली तरी सहा महिने पुन्हा! वर्गातल्या मुली नशीबवान. कुणाच्या घरी खोकला, कुणाच्या घरी खरूज, एकीला तर एकाच घरात बाळंतीण आणि कावीळ दोन्ही मिळालं. माझ्या वाट्याला आले हे निरीक्षकसाहेब आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आजी. घर इतकं लख्ख की मला स्वतःचीच लाज वाटली. (आजींनी दारातच पाय धुवायला लावले. कुटुंबाला स्वच्छता शिकवायला मी गेलो होतो.)

पहिल्या बुधवारी मी आमचा वजनकाटा जमिनीवर ठेवला आणि साहेबांना नम्रपणे म्हटलं, उभे राहा. ते उभे राहिले नाहीत. आतून पितळी वजनं घेऊन आले, मोजून दहा किलो काट्यावर ठेवली. काट्याने साडेअकरा दाखवले. मग त्यांनी मला खात्याचे नियम सांगितले, पाऊण तास, आणि सहीच्या जागी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'माप अग्राह्य.' काट्यावर खात्याचा शिक्का असल्याशिवाय अंगाला हात लावू देणार नाही, म्हणाले. रक्तदाबाच्या यंत्राचंही तेच. बारीकसारीक आजार विचारले, तर एकूण एक उत्तर 'नाही', आणि तेही मी लिहिताना वाकून बघत.

कॉलेजात येऊन सांगितलं तर भांडारातले काका माझ्यावरच उखडले. काटा बारा वर्षांचा आहे, आजवर एकाही पेशंटने तक्रार केलेली नाही, म्हणे. (पेशंट कशाला करतील? ते स्वतःचंच वजन वाढलं समजून घरी जात असतील.) मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, काट्याचं राहू दे, समस्या कुठे आहेत? तीन समस्या सापडल्याशिवाय पुढची योजना लिहिता येत नाही. आता निरोगी घरात समस्या आणू कुठून? आत्या, खोटं कशाला सांगू, दर बुधवारी दार वाजवताना मी मनात म्हणायचो, आज तरी कुणीतरी शिंका देवो. तिसऱ्या भेटीत आजी कौतुकाने म्हणाल्या, हल्ली हे स्वतःचे मोजे स्वतः धुतात. मी ते 'कुटुंबाच्या जमेच्या बाजू' या रकान्यात लिहून मोकळा झालो. तेवढाच एक रकाना भरत होता.

शेवटी डोक्यात तिडीक गेली. काटा खांद्यावर मारला, बसमध्ये तीन जणांच्या शिव्या खाल्ल्या, वजनमापे कार्यालयात दोन दिवस हेलपाटे घातले आणि काटा दुरुस्त करून, शिक्का मारून आणला. सहाव्या बुधवारी तो साहेबांच्या नाकासमोर ठेवला. म्हटलं, आता बोला! त्यांनी शिक्का नखाने खरवडून पाहिला. शिक्का खरा होता. मग मी त्यांचाच नियम त्यांना ऐकवला, की पायात काही घालून घेतलेलं वजन ही लबाडी असते. जिंकल्याच्या आनंदात अगदी मोठ्याने ऐकवला. साहेब खुर्चीत बसले, आजींना चहा ठेवायला आत पाठवलं आणि हळूच मोजे काढले.

डाव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. मधुमेह होता, गोळ्या त्यांनी स्वतःच्या मनाने कधीच बंद केलेल्या. दवाखान्यात गेलं की पाय कापतात, एवढीच भीती. म्हणून मोजे, म्हणून शिक्का, म्हणून पाऊण तास नियम. मला म्हणाले, "हिला एवढ्यात सांगू नकोस रे." आयुष्यभर दुसऱ्यांची लबाडी पकडलेला माणूस, आत्या, माझ्याकडे बघेना.

मीच त्यांना दवाखान्यात नेलं. पाय वाचला, अंगठा गेला. तीन आठवडे आधी आणलं असतं तर तोही राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले. तीन आठवड्यांपूर्वी मी त्याच खोलीत, त्याच पायासमोर मोज्यांचं कौतुक लिहीत होतो. आणि मॅडम काय म्हणाल्या माहीत आहे? "चला, छान समस्या मिळाली की तुला!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भांडावंसं वाटलं, पण कुठल्या तोंडाने? पाच आठवडे मीही तेच मागत होतो.

राग मावळला की पुन्हा लिहीन. सध्या तसं चिन्ह नाही.

तुझाच,
भाचा

ता. क. सह्या झाल्या. साहेबांनी खाटेवर बसून आठही पानं तपासली आणि पहिल्या पानावर सहीखाली लिहिलं, 'विद्यार्थी हट्टी आहे, उपयोगी पडेल.' वर्गात सगळ्यांत जास्त गुण मला मिळाले. अंगठ्याचे.

ता. क. दुसरा. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो. दोन महिन्यांपूर्वी तुमच्याकडे आलो, तेव्हा भर उन्हाळ्यात आतोबा घरात मोजे घालून बसले होते. त्यांनाही शुगर आहे. पत्र वाचून झालं की खाली ठेव आणि त्यांचे पाय बघ, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. ते काहीतरी कारण सांगतील, अगदी पटेल असं सांगतील. ऐकत बसू नकोस. मी पाच आठवडे ऐकलं.