बसच्या काचेतलं हसू

बीरगांव, रायपूर
होळीनंतरचा रविवार

प्रिय सत्ये,

सप्रेम जयभीम. पाकीट पाहून तू आधी दचकशील, मग म्हणशील, ही कुसमी खुळी झाली, हातात फोन असताना पोस्टाच्या पेटीपर्यंत गेली. पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? मी तोंड उघडलं की पुढचं वाक्य तूच म्हणून टाकतेस आणि मी नुसती "हो ना, हो ना" करत बसते. इतकी वर्षं तुझ्या मागे उभं राहून झील धरली, ती खोड फोनवरही जात नाही. तू गायचंस आणि तुझ्या ओळीचा शेवट मी उचलायचा. म्हणून आज कागदावर बोलते, इथे तुला मध्ये शिरता येणार नाही. माझं एक काम आहे आणि ते तुझ्याशिवाय कोणाच्याने होणार नाही. पण ते नुसतं सांगितलं तर तू हसण्यावारी नेशील, म्हणून आधी बाकीचं सांगते.

हे गेले त्याला येत्या एप्रिलात वर्ष होईल. शेजारणी विचारतात, बरं आहे ना, मी म्हणते, बरं आहे. बरं काही नाही, सत्ये. सकाळी डोळे उघडले की समोर एवढा मोठा दिवस दिसतो की पुन्हा पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतं. यांच्या ढोलकीची शाई सुटली आहे. प्रशिक म्हणतो, आई, नवीन भरून आणू. मी म्हणते राहू दे, वाजवणार कोण आहे. उरला भागातल्या लोखंडाच्या मिलमध्ये आयुष्यभर भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस, कधी ताप आला म्हणून रजा घेतली नाही, आणि गेला तो चहा पिता पिता. तुझ्या लहानूभाऊंना कशाचीच घाई नव्हती, जाण्याचीच तेवढी झाली.

परवा प्रशिकचा डबा घेऊन भनपुरीला गेले होते. आपली पाटी बदलली आहे. तुला आठवतं, पेंटरच्या डोक्यावर उभी राहून तू अक्षरं मोठी करून घेतली होतीस, "साझा रियाज घर", आणि खाली बारीक, "रिकॉर्डिंग भी होती है". आता साझा गेलं, रियाज गेला, नुसतं रिकॉर्डिंग राहिलं, चकाकणाऱ्या अक्षरांत. धंदा चांगला चालला आहे, ते मी नाकारत नाही. दुर्ग, राजनांदगाव, पार कवर्ध्याहून लोक येतात. पोरगा मेहनती आहे. पण तालमीच्या खोलीत मी डोकावले तर तिथे टेंटवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकीत एक घालून छतापर्यंत रचलेल्या. खोली रिकामीच असते, म्हणून भाड्याने दिली म्हणतो. मी डबा ठेवून आले.

किती हौसेने उभं केलं होतं गं आपण ते. नवं राज्य झालं, आपलं रायपूर राजधानी झालं, जो तो म्हणायला लागला की आता कलाकारांचे दिवस आले. दिवस येतील तेव्हा येतील, तालीम कुठे करायची हा आपला प्रश्न होता. दिवसा गावं तर आजूबाजूचे रात्रपाळीचे झोपलेले, संध्याकाळी गावं तर पोरांचा अभ्यास, विहारात गावं तर कमिटीची कुरकुर. तुझ्या अंगणातून आपल्याला हाकललं तेव्हा तुझी सासू सगळ्यात पुढे होती, ते मी विसरलेली नाही. मग मीच म्हटलं, जिथे आधीच इतका गोंगाट असेल की आपला कोणाला ऐकूच येणार नाही, अशी जागा बघू. यांनी भनपुरीत ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या गॅरेजमागचं गोदाम शोधून काढलं. दिवसभर पत्र्यावर घण. तालमीला अशी जागा साऱ्या छत्तीसगडात नव्हती. पुढे ठरलं की रिकॉर्डिंगही इथेच करायचं, आणि गोंगाट बघून घेतलेल्या जागेत गोंगाट बंद करायला आपण शहाणे बसलो.

पंडरीच्या कापडबाजारातून चिंध्यांची गाठोडी आणली. तू आणि मी त्या बोऱ्यांत भरून शिवल्या, यांनी भिंतीभर टांगल्या. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला काच हवी होती, ती गॅरेजवाल्याने दिली, एका भंगारातल्या बसची पुढची काच. बाकदार होती. तिच्यातून पलीकडचा माणूस आडवा पसरलेला दिसायचा. तू म्हणायचीस, बरं झालं, लहानूभाऊंच्या अंगावर कुठूनतरी मांस आलं. नाचा पार्टीचे, छत्तीसगडी तमाशाच म्हण ना, बिसाहू भैया आपली डझनभर माणसं घेऊन यायचे, त्यांचा जोकर आपल्या तालमीत बसून झील शिकला आणि त्यांच्याकडून आपण हो म्हणायचं सोडून "हव, हव" करायला शिकलो. एक पार्टी उठायची, दुसरी बसायची, चहा सगळ्यांचा एकच. त्या दिवसांत मला कोणी विचारलं असतं की तुला आणखी काय पाहिजे, तर मला सांगता आलं नसतं.

मग सगळीकडून सीडी मागायला लागले. अर्जाला सीडी जोडा, कार्यक्रम ठरवायला सीडी पाठवा. प्रशिक नागपूरहून कोर्स करून आला, कॉम्प्युटर आला. यांनी बांधलेलं रमाईचं गाणं आपण त्याच्याकडे पहिल्यांदा रेकॉर्ड केलं, तो दिवस तुला आठवतो का, मला माहीत नाही. पंखा बंद, घामाच्या धारा. मला कानाला ते डबडं लावून एकटीला खोलीत उभं केलं. तू आधीच गाऊन झाली होतीस, ढोलकी वाजून झाली होती, आता तुम्ही दोघं काचेपलीकडे. मला काही सुचेना. सत्ये, मी झील कानाने धरतच नव्हते कधी. तुझ्या गळ्याची शीर बघून धरायची मी. ती ताठली की समजायचं, हिचा श्वास संपत आला, आता शब्द आपण उचलायचा. तू कडवं विसरायचीस तेव्हा मी तीच ओळ घोळवत राहायचे, तुला आठवेपर्यंत. लोकांना वाटायचं असंच आहे गाणं. त्या खोलीत बघायला तुझा गळाच नव्हता. मी रडकुंडीला आले, तेव्हा काचेपलीकडे यांनी मांडीवर ढोलकी नसताना वाजवायचं सोंग केलं, मान डोलवली, आणि त्या बसच्या काचेत यांचं तोंड असं काही पसरलं की गाता गाता मला हसू फुटलं. झील पुरी झाली पण तिच्या शेपटाला हसू चिकटलं. हे दार उघडून ओरडले, "काहून हासून राहिली वं? मी का जोकर आहो?"

मी म्हटलं, पुन्हा घेते. पुढच्या कडव्यांचीही घ्यायची होती. प्रशिक म्हणाला, "आई, तुमने एक बार गा दिया ना, बाकी मैं लगा दूंगा." हसू काढून टाकतो का विचारलं तर म्हणाला, नॅचरल लगता है. दहा मिनिटांत माझं काम संपलं. मी आपली पिशवी उचलली आणि घरी येऊन भात टाकला. इतक्या लवकर मी तालमीहून कधी घरी आले नव्हते.

पुढचं तू जाणतेस. पार्टीला बोलावणाऱ्यांनाही कळलं की आठ माणसं आणण्याची गरज नाही, एक गाणारी आणि एक पेनड्राइव्ह पुरे. बिसाहू भैया पुढच्या वर्षी एकटेच आले. त्यांचा हार्मोनियमवाला कुठल्याशा कारखान्याच्या गेटवर चौकीदार झाला, जोकरचं काय झालं ते त्यांनाही माहीत नाही. ज्यांना बसायला जागा मिळावी म्हणून आपण ते घर बांधलं, ते एकदा येऊन आपापला आवाज तिथे ठेवून गेले आणि मग त्यांची गरजच उरली नाही. मी तुला दोष देत नाही. तू नाही म्हटलं असतंस तर दुसरी कोणी गेली असती. तू भिलाईला मुलाकडे गेलीस, गोंदिया, बालाघाट फिरलीस, लोक सांगायचे, सत्यभामाबाईंचा कार्यक्रम जोरात झाला, कुसुमबाई, तुमचा आवाज छान लागला. मी त्या दिवशी घरी मेथी निवडत असायचे.

आता तो दिवस. यांचं पुण्यानुमोदन नेमकं भीमजयंतीच्या आठवड्यात आलं, तुला बालाघाटची तारीख होती. जयंतीची तारीख सोडता येत नाही, हे मलाच नाही कळणार तर कोणाला? तू प्रशिकला फोन केलास. तो स्पीकरवर होता, मी भिंतीशी बसून ऐकत होते. तू म्हणालीस, "लहानूभाऊचं गाणं लावजो बाबू. मी आली असंच समजजो." वंदना झाली, चार माणसं बोलली, आणि प्रशिकने गाणं लावलं. तुझा आवाज आला, यांची ढोलकी आली. माझी पाठ आपोआप ताठ झाली. तुझी ओळ संपत आली तशी मी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि माझ्या आधी मीच उचललं. स्पीकरमधून. आणि शेवटी हसले. फोटोला हार घातलेला, बाया पांढऱ्या लुगड्यांत, आणि मी हसले. मला वाटलं, झालं, संपलं. पण त्याने ते प्रत्येक कडव्याला लावलेलं, सत्ये. दर कडव्याला तीच झील, तेच हसू, तितकंच. मी पदराचा बोळा तोंडात धरून बसले. एक पोरगी निघताना म्हणाली, किती गोड हसता हो काकू तुम्ही.

तेव्हापासून माझा आवाज गेला. बोलते, भांडते, भाजीवाल्याशी घासाघीस करते, पण गायला तोंड उघडत नाही. विहारात वंदनेला सगळ्या म्हणतात, मी ओठ मिटून बसते. भीती वाटते की सुराबरोबर ते हसू बाहेर येईल. हे कोणाला सांगायचं? ज्यांना सांगितलं असतं ते फोटोत आहेत.

आता काम सांगते, ज्यासाठी एवढा कागद काळा केला. पहिला स्मृतिदिन येतो आहे आणि प्रशिकने स्पीकर सांगून ठेवले आहेत, तेच गाणं लावणार आहे. मी म्हटलं, नको लावू. तो म्हणाला, "उसमें पापा का ढोलक है, तुम्हारी हंसी है. और बचा क्या है अपने पास?" त्याचंही खोटं नाही. बापाचा हात त्याला तेवढाच ऐकू येतो, तो त्याच्यापासून मी कोणत्या तोंडाने हिसकावू? पण तू त्याची मौसी, गाणं तुझ्या नावावर, तुझा शब्द तो मोडणार नाही. त्याला सांग की घरी एकट्याने ऐक, पण मंडपात लावू नकोस. आणि जमलं तर ये. भिलाई काही लंकेत नाही. तोंडाने गा. मला कंठ फुटला तर मी धरीन, नाही फुटला तर माझ्या जागेवर तू नेहमीसारखी थांब आणि ती जागा रिकामी जाऊ दे, मला चालेल. तू येशील अशी आशा मी धरलेली नाही, जयंतीच्या तारखा तुझ्या आतापासून भरल्या असतील. मग निदान फोन तेवढा कर. आणि आज ना उद्या माझीही पाळी येईल, तेव्हा तू असलीस तर त्याला हेच सांग. मेल्यावर मला पुन्हा हसायला लावू नका.

तुझीच,
तुझ्या ओळीचा शेवट उचलणारी,
कुसुम