सातचा भोंगा

भवानी पेठ, सोलापूर
सोमवार, ३ फेब्रुवारी १९३०

चि. जोतीरामास आशीर्वाद, जरा हात राखूनच.

आज सकाळी ठीक सात वाजता तुमच्या गिरणीचा भोंगा वाजला नाही. घड्याळ लावायला किल्ली हातात धरून मी दहा मिनिटं उभी होते. बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेची घंटा मी एक मिनिट चुकू दिली नाही, आणि बॉयलरवर दोरी ओढायला बसवलेल्या माझ्या भाच्याला झोप लागते? शेजारची कस्तुराबाईही हल्ली तोंडात गुळणी धरल्यासारखी बोलते. साऱ्या पेठेला आळस चढलाय. खुलासा लिहून पाठव.

तुझी आत्या,
राजाबाई

गिरणी चाळ
बुधवार, ५ फेब्रुवारी

ती. आत्याबाईंस जोतीरामचा दंडवत.

भोंगा वाजला की. मीच ओढला. उलट दोरी अडकून लई वेळ ओरडत ऱ्हायला, मॅनेजरसायबानं मला झापलं. काल दाराशी येऊन कडी वाजवली, हाका मारल्या. खिडकीतनं तुमी वाचत बसलेल्या दिसला. राग धरलाय म्हणून परतलो. मग आमच्या मागावरचा संगप्पा आठवला. मागाच्या खडखडाटात त्याचे कान गेले, त्याचं बी असंच सुरू झालं.

रागावू नका. इंजिनाच्या आतला आवाज ऐकाय आमी लोखंडी गज दातात धरतो. तसा घड्याळाला टेकवून बघा. माया पातळ करू नका.

जोतीराम

भवानी पेठ
गुरुवार, ६ फेब्रुवारी

चि. जोतीराम,

विणायची सुई दातात धरली. टिकटिक थेट कवटीत आली. सुई काढली की घड्याळ मुकं. तीनदा करून पाहिलं, मग खाली बसले.

कॉन्व्हेंटात सिस्टरनी फळ्यावर कान काढला होता. पडदा, मग हातोडी, ऐरण, रिकीब अशी तीन चिमुकली हाडं, आणि आत पाण्यानं भरलेली, शंखासारखी वळलेली ऐकायची नळी, तिला सिस्टर गोगलगाय म्हणत. माझी गोगलगाय जिवंत आहे. तिच्या अलीकडच्या वाटेत काहीतरी अडकलंय. मळ की पडदा की रिकीब, मला कळत नाही.

मला भीती वाटते. करमाळ्याला आमची आजी बहिरी झाली, तेव्हा तिला कुणाकडे ठेवायचं हे आम्ही तिच्याच पुढ्यात बसून ठरवलं. ती हसत मान डोलवत होती. काल कस्तुराबाई बोलली तेव्हा मीही तशीच मान डोलावली. कशाला हो म्हटलं, देव जाणे.

गिरणीच्या डॉक्टरांना विचार: हाडातून ऐकू येतं, तर बाहेरची वाट उघडेल का? शनिवारी, ८ तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत उत्तर हवं. कडी वाजवू नकोस. कागदावर लिहून दाराखालून सरकव. मी उंबऱ्याकडे पाहत बसेन.

तुझी आत्या