तुतीची शास्त्रशुद्ध निवड

३ जुलै १९९४, सकाळी ७
संकल्प : अंगणात तुती. मार्चमध्ये वासंतीची साठी. त्या दिवशी तिच्या हातावर घरच्या झाडाच्या काळ्याभोर तुती ठेवणार! माहेरी, खडकीच्या क्वार्टर्समध्ये खायची म्हणे. लग्नापासून ऐकतोय. पण मिळेल ते रोप खोचणार नाही. बत्तीस वर्षं ऑफिसात टेंडरं तपासली आहेत.

९ जुलै
तक्ता तयार. सहा जाती, अकरा रकाने. वासंतीने विचारलं, गोडीचा रकाना कुठाय? म्हटलं, गोडी मोजता येत नाही.

१७ जुलै
तिचा भाऊ श्रीधर आला. माहेरच्या त्याच झाडाची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. जात विचारली, तर म्हणाला, तुती. कागदपत्र काही नाही. अपात्र.

२४ जुलै
लोणी काळभोरच्या नर्सरीतून पहिल्या नंबरचं रोप आणलं. शंभरपैकी एक्क्याण्णव! माहितीपत्रकातला हेक्टरी उत्पन्नाचा आकडा वाचून दोनदा चष्मा पुसला. नर्सरीवाला भैरू काहीतरी सांगत होता. म्हटलं, पत्रक वाचलंय.

२५ जुलै
शेजाऱ्यांचा भरवसा नाही. पत्र्याची पाटी रंगवली : ‘फळे तोडू नयेत. मागूही नयेत.’ काठी हवी होती. श्रीधरची फांदी पडून होतीच, तीच रोवली. मी काही वाया घालवत नाही.

२ सप्टेंबर
रोप जोरात. पाटीच्या काठीलाही पालवी फुटली. अक्षरं झाकतात. खुडली.

१९ ऑक्टोबर
पुन्हा पालवी, पुन्हा खुडली. वासंती काठीला पाणी घालते! बोललो. म्हणाली, अहो, तुमच्या झाडाला तुम्ही घालताच की.

५ फेब्रुवारी १९९५
पानं ताटाएवढी. फळ नाही. उच्च जातींना घाई नसते. पाटीकडे आता बघतही नाही.

५ मार्च
लोणीला जाऊन भैरूला झापलं. त्याने माझंच पत्रक माझ्यापुढे धरलं. म्हणाला, "सायेब, हे पाल्याचं उत्पन्न हाय. रेशमाच्या किड्यांसाठीची जात ही. तवा तेच सांगत हुतो."
बारीक अक्षरात छापलंय, माझा दोष नाही. तरी येताना बसमध्ये फार वाईट वाटलं. वासंतीने मनाशी दिवस मोजले असणार. तिला साडी घ्यावी. रेशमी. म्हणजे विषय अगदीच सुटणार नाही.

१२ मार्च, सकाळी ८
साठी. साडी द्यायला अंगणात गेलो, तर वासंती पाटीपाशी. हातात वाटी, वाटीत नऊ काळ्या तुती. पाटीच्या काठीच्या! म्हणाली, खुडलं की फळ धरतं, माझे बाबाही असेच खुडायचे. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून बोलले नाही.
होतंच ठाऊक, असं म्हणालो.
डोळे मिटून एकेक खाल्ली तिने. आठ झाल्या. इतकं खूश मी तिला कधी पाहिलं नव्हतं. नववी मी मागितली.
तिने पाटीकडे बोट दाखवलं.